ऑन्टारिओत मूळनिवासींकडे पाहुणे म्हणून कसं जावं

कॅनडात आल्यावर पहिल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही तेच केलं जे सगळे करतात. नायगारा, थाउजंड आयलंड्स, सीएन टॉवर, आणि आई-बाबा आले की पुन्हा नायगारा. मग एका सप्टेंबरात मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली: ३० तारखेला नारिंगी शर्ट घालून पाठवा. ‘का?’ असं तिनं विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिसिसॉगा नावाच्या शहरात दोन वर्षं राहून हे नाव कुणाचं, हेही मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत आधी आम्ही तिघं, मग आई-बाबांना घेऊन, आणि गेल्या वर्षी मंडळाच्या बावीस जणांची बस करून इथल्या मूळनिवासींच्या ठिकाणी गेलो. चुका झाल्या, काही लाज वाटाव्या अशा. त्या तुमच्या हातून होऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते. हे फक्त दक्षिण ऑन्टारिओ आणि मॅनिटूलिन बेटापुरतं आहे. इतर प्रांतांत करार वेगळे आणि रीतीही वेगळ्या.

१. आधी नावं नीट घ्या

‘रेड इंडियन’ हा शब्द आपल्याकडे गोष्टींच्या पुस्तकांतून आला आणि तोंडात बसला. तो इथं पूर्ण सोडायचा. कॅनडाच्या १९८२ च्या राज्यघटनेचं ३५ वं कलम तीन समूहांचे हक्क मान्य करतं: फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी. १८७६ चा ‘इंडियन अ‍ॅक्ट’ अजून लागू आहे, त्यामुळे सरकारी कागदांत ‘इंडियन’ दिसेल. पण म्हणून आपण तो वापरावा असं नाही. आणि ‘खरे इंडियन तर आम्ही’ हा विनोद कृपा करून करू नका. तो त्यांनी शेकडो वेळा ऐकलेला आहे.

आपल्या भागात मुख्यतः फर्स्ट नेशन्समधले दोन समूह भेटतील. एक अनिशिनाबे, ज्यांत ओजिब्वे, ओडावा, मिसिसॉगा वगैरे येतात. दुसरे होडेनोशोनी, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ. दोघांच्या भाषा वेगळ्या कुळांतल्या आहेत, त्यामुळे एक शब्द शिकून दोन्हीकडे चालत नाही. अनिशिनाबेंकडे ‘मीग्वेच’, होडेनोशोनींकडे ‘न्यावे’. दोन्हींचा अर्थ आभार. जिथं जाताय तिथला एक शब्द गाडीत बसल्या बसल्या पाठ करा, मुलं तर लगेच करतात.

२. आपलं घर कुठल्या करारावर उभं आहे ते शोधा

करार म्हणजे मूळनिवासींच्या जमिनीबद्दल ब्रिटिश राजसत्तेनं त्यांच्याशी केलेले. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळी सहल हिच्यावर उभी आहे. ऑन्टारिओ सरकारचा करारांचा नकाशा ऑनलाइन आहे, त्यात आपलं गाव शोधा. ‘नेटिव्ह लँड’ हा दुसरा नकाशाही चांगला, मात्र त्यातल्या सीमा कायदेशीर नाहीत, हे तो स्वतःच सांगतो.

टोरांटोच्या बहुतेक भागात राहत असाल तर करार क्रमांक १३, साल १८०५. अडीच लाख एकरांहून जास्त जमीन, आणि त्या वेळी मोबदला दहा शिलिंग. मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट या राष्ट्रानं हा दावा लावून धरला आणि २०१० मध्ये १४.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दक्षिण मिसिसॉगा आणि ओकव्हिल १८०६ च्या करारात येतात. ब्रॅम्प्टन, मिल्टन १८१८ च्या अजेटन्स करारात. अजेटन्स हे करार करणाऱ्या मिसिसॉगा प्रमुखाचं नाव.

आमच्या घरामागून दहा मिनिटांवर क्रेडिट नदी आहे. व्यापारी इथल्या मिसिसॉगा लोकांना माल उधारीवर देत आणि पुढच्या हंगामात फरच्या कातड्यांनी ती उधारी फिटे, म्हणून क्रेडिट. उधारी विश्वासावर चालते, आणि त्यांच्या भाषेतलं नदीचं जुनं नाव मिसिनिही हेही भरवशाचं पाणी याच अर्थाचं आहे. याच लोकांना १८४७ मध्ये नदीकाठचं गाव सोडावं लागलं. तेव्हा ग्रँड नदीकाठच्या सहा राष्ट्रांनी त्यांना आपल्यातली जमीन देऊ केली, कारण १७८४ मध्ये याच मिसिसॉगांच्या जमिनीवर त्यांना आसरा मिळाला होता. ती आठवण त्यांनी साठ वर्षांनंतरही ठेवली. मिसिसॉगा लोक हेगर्सव्हिलजवळ राहायला गेले आणि नदीचं नाव सोबत घेऊन गेले: न्यू क्रेडिट.

हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नदीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘म्हणजे आपण ज्यांच्या गावात राहतो ते लोक तासाभरावर आहेत, आणि आपण त्यांना एकदाही भेटलो नाही.’ पहिली सहल तिथून ठरली.

नागरिकत्व घेणार असाल तर आणखी एक. २१ जून २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेत फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांच्या करारांतल्या हक्कांचा उल्लेख आहे. मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगानं २०१५ मध्ये ज्या ९४ गोष्टी करायला सांगितल्या, त्यांतली शेवटची, ९४ वी, हीच होती. म्हणजे शपथ घेताना आपण या करारांचे एक पक्षकार होतो. कुठला करार ते माहीत असलेलं बरं.

३. ठिकाण नंतर ठरवा, यजमान आधी

आपली सवय अशी की धबधबा, ट्रेल, व्ह्यू पॉइंट शोधायचा आणि मग तिथं काय काय आहे ते बघायचं. इथं उलटं करा. आधी बघा की ही फेरी, हे संग्रहालय किंवा हा मेळा चालवतं कोण. फोनवर तीन प्रश्न विचारा: मालकी कुणाची, सांगणारा माणूस कुठल्या राष्ट्राचा, आणि पैसे कुणाला मिळतात. खरे यजमान या प्रश्नांना आनंदानं उत्तर देतात. आडवळणानं बोलायला लागले तर समजून जा.

‘इंडिजिनस टूरिझम ऑन्टारिओ’ आणि देशपातळीवरची ‘इंडिजिनस टूरिझम असोसिएशन ऑफ कॅनडा’ यांच्या याद्यांपासून सुरुवात करा. ‘द ओरिजिनल ओरिजिनल’ हे चिन्ह दिसलं तर त्या व्यवसायाची मालकी पडताळलेली आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हा क्रम सुचवते. पहिली सहल ब्रॅन्टफर्ड आणि ओस्वेकन (ग्रँड नदीकाठच्या सहा राष्ट्रांचं गाव), एका दिवसात होते. दुसरी पीटरबरोच्या बाजूला पेट्रोग्लिफ्स पार्क (खडकावरच्या जुन्या कोरीव आकृत्यांचं) आणि कर्व्ह लेक हे अनिशिनाबेंचं गाव. मॅनिटूलिन तिसऱ्या वेळी, हातात तीन-चार दिवस असतील तेव्हाच. जमत असूनही ते एका शनिवार-रविवारात कोंबू नका.

४. तारीख आणि परवानगी

राखीव क्षेत्र, म्हणजे रिझर्व्ह, ही लोकांची राहती गावं आहेत. मुख्य रस्त्यानं जायला कुणी अडवत नाही, पण गल्लीबोळांत गाडी हळू करून घरांचे फोटो काढणं, दफनभूमीत शिरणं, ड्रोन उडवणं हे परवानगीशिवाय करायचं नाही. शंका असेल तर बँड ऑफिसला, म्हणजे त्या गावाचा कारभार बघणाऱ्या कचेरीला, फोन करा. शुक्रवारी दुपारनंतर कुणी उचलेल या भरवशावर राहू नका.

गटानं जाणार असाल तर निदान सहा आठवडे आधी कळवा, किती माणसं, किती लहान मुलं, किती ज्येष्ठ, सगळं सांगून. गावात कुणाचं निधन झालं तर ठरलेला कार्यक्रम ऐन वेळी रद्द होऊ शकतो. आमचा एकदा झाला. बसमधले दोघे कुरकुरले. मी त्यांना एवढंच विचारलं की आपल्या वाड्यात मयत झालं असतं तर आपण पाहुण्यांना गाणी म्हणून दाखवली असती का.

पेट्रोग्लिफ्स पार्क ठरावीक महिन्यांत आणि ठरावीक वारीच उघडं असतं. ऑन्टारिओ पार्क्सचा गाडीचा दिवसाचा परवाना आधी काढून ठेवा.

मॅनिटूलिनला दोन वाटा आहेत. टोबरमोरीहून ‘ची-चीमॉन’ बोट, नावाचा अर्थ मोठी होडी, सुमारे दोन तास. उन्हाळ्यात गाडीसाठी आरक्षण केल्याशिवाय निघू नका. दुसरी वाट उत्तरेकडून लिटल करंटच्या फिरत्या पुलावरून. उन्हाळ्यात दिवसा दर तासाला होड्यांसाठी तो पूल पंधरा मिनिटांपर्यंत वळवलेला असतो, तेवढी वेळ हिशोबात धरा.

५. सोबत काय घ्यायचं

- चालकाचा परवाना, आणि भाड्याची गाडी असेल तर तिचे कागद
- आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर त्यांच्या पासपोर्टची प्रत आणि आरोग्य विम्याचा कागद
- बुकिंगची छापील प्रत, कारण मॅनिटूलिनवर काही ठिकाणी फोनला रेंज नसते
- रोख पैसे, सुट्ट्या नोटांत
- प्रत्येकाची घडीची खुर्ची, टोपी, पाणी, डासांचं औषध
- एल्डरकडून, म्हणजे समाजातल्या मानाच्या ज्येष्ठांकडून, काही शिकवण मागणार असाल तर थोडी सुटी तंबाखू, कापडाच्या लहान पुरचुंडीत

या शेवटच्या गोष्टीनं आई गोंधळली. अनिशिनाबे आणि होडेनोशोनी दोघांतही तंबाखू पवित्र मानतात. काही विचारायचं असेल, प्रार्थना करवून घ्यायची असेल तर ती पुढं करतात आणि मग विनंती सांगतात. एल्डरनं ती घेतली तर विनंती स्वीकारली. घेतली नाही तर आग्रह करायचा नाही. मी आईला म्हटलं, पानाचा विडा ठेवतात आणि जो उचलतो तो काम अंगावर घेतो, तसंच. तिला लगेच कळलं. सगळ्यांना ही पद्धत चालतेच असं नाही, म्हणून ज्यांनी भेट ठरवली त्यांना आधी विचारा. तिकीट काढून केलेल्या साध्या फेरीत तिची गरज नसते.

६. पॉवॉवमध्ये

पॉवॉव म्हणजे नाच, गाणी आणि ढोलांचा मेळा. मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट यांचा पॉवॉव ऑगस्टच्या शेवटी असतो, ओस्वेकनचा मोठा नृत्यस्पर्धांचा पॉवॉव जुलैच्या शेवटी, आणि मॅनिटूलिनवर विक्वेमकूंगचा ऑगस्टच्या पहिल्या लाँग वीकएंडला. बहुतेक पॉवॉव सगळ्यांना खुले असतात. दारू आणि नशा सक्त मना. कुत्रा घरी ठेवा.

मधल्या गोल मांडवाभोवतीची आतली बाकं नाचणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची असतात. आम्हाला ते माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी आम्ही पुढची मोकळी बाकं बघून डबे, पिशव्या, सतरंजी मांडून बसलो. थोड्या वेळानं एक आजी आल्या. पोषाखाच्या घागऱ्याला पत्र्याच्या लहान लहान शंकूंच्या ओळी शिवलेल्या, पाऊल टाकलं की पावसासारखा आवाज. काही बोलल्या नाहीत, बाकावर घडी करून ठेवलेल्या एका शालीकडे बोट दाखवलं. ती शाल म्हणजे राखून ठेवलेली जागा होती आणि आईनं तिच्यावर डबा ठेवला होता. आम्ही उठलो, माफी मागितली. आजींनीच मग आम्हाला मागं सावलीतली जागा दाखवली. तेव्हापासून खुर्च्या बरोबर.

साधारण दुपारी बाराला ग्रँड एंट्री होते. सगळ्यात पुढं गरुडाच्या पिसांचा दंड, मग झेंडे, सैनिक म्हणून सेवा केलेली माणसं, एल्डर, आणि मागून सगळे नर्तक. या वेळी उभं राहायचं, टोपी काढायची, फोन खिशात. ज्यांना उभं राहणं झेपत नाही त्यांनी बसलं तरी चालतं. त्यानंतरच्या सन्मानाच्या गाण्यांनाही हेच. निवेदक काय म्हणतो त्याकडे सतत लक्ष ठेवा, फोटो कधी चालतील ते तोच सांगतो. कुणा एकाचा फोटो हवा असेल तर मैदानातही त्याला विचारूनच काढा, आणि मुलाचा असेल तर आई-वडिलांना विचारून.

पोषाखाला रेगेलिया म्हणतात, कॉस्च्युम म्हणत नाहीत. हात लावायचा नाही, मणी कितीही सुंदर असले तरी. त्यातलं एखादं पीस आजीकडून आलेलं असतं, एखादी पट्टी भावाच्या आठवणीत शिवलेली असते. गरुडाचं पीस खाली पडलेलं दिसलं तर उचलू नका. जवळच्या नर्तकाला किंवा संयोजकाला सांगा. ते उचलण्याचा विधी असतो, आणि त्याचा फोटो काढत नाहीत.

मग निवेदक ‘इंटरट्रायबल’ असं पुकारतो आणि सगळ्यांना मैदानात बोलावतो. तेव्हा जरूर जा. संकोच करून काठावर उभं राहू नका, बोलावणं खरं असतं. मोठ्या ढोलाभोवती बसलेल्यांचा आवाज पायाखालच्या जमिनीतून येतो. बाबा पंचाहत्तरीचे, गुडघे दुखतात, पण घड्याळाच्या दिशेनं एक पूर्ण फेरी त्यांनी त्या ठेक्यावर चालून काढली.

७. ब्रॅन्टफर्डची शाळा

ही पायरी टाळावीशी वाटेल. टाळू नका. आयोगाच्या नावात सत्य आधी येतं आणि सलोखा नंतर.

मोहॉक इन्स्टिट्यूट ही कॅनडातल्या सर्वांत जुन्या निवासी शाळांपैकी एक. १८३१ पासून इथं मुलांना ठेवून घेऊ लागले, बंद झाली १९७० मध्ये. देशभर अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. घरापासून तोडलेली, आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा. हजारो परत आली नाहीत. ३० सप्टेंबरचा नारिंगी शर्ट या मुलांच्याच आठवणीसाठी. या शाळेत जेवायला रोज ओटची पातळ पेज मिळे, म्हणून मुलांनी तिला ‘मश होल’ नाव ठेवलं. आवारात सफरचंदांची बाग होती आणि भुकेल्या मुलांनी फळ खाल्लं तर मार बसे.

इमारत पाडायची की ठेवायची, हा प्रश्न २०१३ मध्ये छप्पर गळायला लागल्यावर आला. सहा राष्ट्रांच्या लोकांना विचारलं तेव्हा ९८ टक्क्यांनी ठेवा म्हणून सांगितलं. पुरावा राहिला पाहिजे, हे कारण. शेजारचं वुडलँड कल्चरल सेंटर १९७२ पासून चालू आहे, फेऱ्यांच्या वेळा त्यांच्याकडेच विचारा आणि आधी बुकिंग करा.

इमारतीच्या मागच्या भिंतीवर विटांत मुलांनी कोरलेली नावं आहेत. माझी मुलगी तिथं थांबली आणि एकेक नाव हळू आवाजात वाचत गेली. हात लावला नाही, मी सांगितलंही नव्हतं. मी तिला काही समजावायला गेले नाही. आठ-नऊ वर्षांच्या वरच्या मुलांना न्यायला हरकत नाही, मात्र आदल्या दिवशी त्यांच्याशी बोला आणि मध्येच बाहेर पडायची मुभा द्या. फेरीनंतर लगेच जेवणाचा बेत ठेवू नका. आम्ही ग्रँड नदीच्या काठी तासभर नुसते बसलो, तो वेळ लागतो.

इथं आपल्या लोकांची एक चूक वारंवार दिसते. सांगणारा बोलत असतो आणि आपल्यातलं कुणीतरी म्हणतं, ‘आमच्याकडेही इंग्रजांनी असंच केलं.’ हेतू जवळीक दाखवण्याचा असतो, पण त्यानं सांगणाऱ्याचं बोलणं तुटतं. शिवाय आपण इथं स्वखुशीनं आलो आणि याच जमिनीवर घर घेतलं, हा फरक आहेच. ऐकून घ्या. त्यांनी विचारलं तर सांगा. आणि ‘तुमच्या घरातलं कुणी या शाळेत होतं का’ असं तर कुणालाच विचारू नका.

८. शिकवणारे खडक

पेट्रोग्लिफ्स पार्कबद्दल थोडक्यात. तिथल्या संगमरवरी खडकावर शेकडो जुन्या आकृत्या कोरलेल्या आहेत: कासवं, पक्षी, होड्या, माणसं. अनिशिनाबे या जागेला किनूमागेवापकोंग म्हणतात, शिकवणारे खडक. वरून १९८४ मध्ये काचेची इमारत बांधली. आत फोटो काढायला पूर्ण मनाई आहे, कारण ही पूजेची जागा आहे. आमच्यातल्या एकानं तरी फोन बाहेर काढलाच, आणि मीच त्याला थांबवायला उशीर केला. आता बसमधून उतरतानाच सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा करते. आवाज बारीक ठेवलात तर खडकाच्या भेगांतून खाली वाहणारं पाणी कधी कधी ऐकू येतं. तो आवाज आत्म्यांचा मानतात.

९. खाणं आणि खरेदी

मका, घेवडा आणि भोपळा यांना होडेनोशोनी तीन बहिणी म्हणतात, एकाच आळ्यात लावतात. शाकाहारींनी हे ऐकून खूश व्हावं, पण मक्याच्या सूपमध्ये बहुधा डुकराचं मांस असतं आणि तळलेल्या ब्रेडला कधी चरबी. विचारा, राग येत नाही. स्ट्रॉबेरीचं सरबत मात्र नक्की प्या.

वस्तू घेताना कलाकाराचं नाव आणि राष्ट्र विचारा. नाव सांगता येत नसेल, किंवा मागं परदेशात बनवल्याचं लेबल असेल तर सोडून द्या. मॅनिटूलिनवर साळिंदराच्या काट्यांनी विणलेल्या भूर्जसालीच्या डब्या मिळतात. महाग वाटतील. एकेक काटा रंगवून, भिजवून, सालीत ओवलेला असतो, त्यामुळे घासाघीस करू नका. कानातले, मोकासिन बिनधास्त घाला, ती विकायलाच केलेली असतात. पिसांचा शिरपेच विकत मिळाला तरी घेऊ नका, तो मान मिळवावा लागतो.

१०. परतल्यावर

यजमानांना दोन ओळींचा मेल लिहा. ज्यांचे फोटो काढले त्यांना पाठवा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी पुन्हा विचारा.

मंडळाच्या कार्यक्रमात भूमीचं ऋण मान्य करणारं निवेदन वाचणार असाल तर दुसरीकडून उतरवून घेऊ नका. तुमच्या सभागृहाचा करार, साल, राष्ट्राचं नाव, आणि त्यांच्यासाठी मंडळ या वर्षी काय करणार हे एक वाक्य, एवढं पुरे. ते शेवटचं वाक्य नसेल तर आमच्याकडे आता कुणी निवेदन वाचत नाही. नारिंगी शर्टही मूळनिवासी विक्रेत्याकडून ऑगस्टमध्येच मागवून ठेवा, सप्टेंबरच्या शेवटी मुलांची मापं संपलेली असतात.